पॅरासिटामॉल बनवताना लोखंडाचा गाळ का उरतो? प्लॅटिनमने तो कसा टळतो?

जव्हार तालुक्यातल्या जामसरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय किंवा मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात काय, ताप आला की आधी हातात पडते ती पॅरासिटामॉलची गोळी. गोळी स्वस्त आहे, पण तिच्यामागची केमिस्ट्री तितकी साधी नाही.

पॅरासिटामॉल तयार होतं पॅरा-अमिनोफिनॉल या रसायनापासून. त्यावर अ‍ॅसेटिक अनहायड्राइडची क्रिया केली की झालं. खरी अडचण त्याआधीची. जुन्या पद्धतीत पॅरा-नायट्रोफिनॉलवर लोखंडाचा चुरा आणि अ‍ॅसिड वापरतात. इथे लोखंड स्वतःच खर्ची पडतं आणि एक किलो मालामागे किलोभराहून जास्त लोहयुक्त गाळ उरतो. तो टाकायचा कुठे, हा प्रश्न कारखान्याचा आणि आसपासच्या गावांचाही.

उत्प्रेरक म्हणजे कॅटॅलिस्ट वापरला की हे गणित बदलतं. कोळशाच्या भुकटीवर बसवलेले प्लॅटिनमचे बारीक कण हायड्रोजनचे रेणू फोडून क्रियेला जुंपतात आणि स्वतः खर्च होत नाहीत. अनेकदा विरजणाची उपमा दिली जाते, पण विरजण दह्यातच मिसळून जातं. प्लॅटिनम मात्र गाळून परत वापरता येतं.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सी. व्ही. रोडे, एम. जे. वैद्य आणि आर. व्ही. चौधरी यांनी याच मार्गावरचं संशोधन १९९९ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यांनी सुरुवात केली थेट नायट्रोबेंझिनपासून. हायड्रोजनमुळे आधी फिनिलहायड्रॉक्सिलअमाइन बनतं आणि पातळ सल्फ्युरिक अ‍ॅसिडमध्ये त्याच्या अणूंची फेरमांडणी होऊन पॅरा-अमिनोफिनॉल मिळतं. मेख अशी की हायड्रोजन जरा जास्त जोडला गेला, तर हाती लागतं विषारी अ‍ॅनिलिन. त्यामुळे तापमान, दाब आणि अ‍ॅसिडचं प्रमाण सांभाळण्यातच सगळं कौशल्य.

ही पद्धतही अगदी निर्मळ नाही. अ‍ॅसिड अमोनियाने शमवलं की अमोनियम सल्फेट उरतं. शिवाय प्लॅटिनम महाग, आणि गंधकाची संयुगं मिसळली तर ते निकामी होतं.

आपल्या सोयीच्या पद्धतीने हा कच्चा माल देशातच बनवता येणं किती गरजेचं आहे, ते कोविडमध्ये कळलं. पॅरा-अमिनोफिनॉलसाठी भारत मोठ्या प्रमाणात चीनवर अवलंबून होता. मार्च २०२० मध्ये सरकारला पॅरासिटामॉलच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. त्याच वर्षी बल्क ड्रगसाठी आलेल्या पीएलआय योजनेच्या यादीत पॅरा-अमिनोफिनॉलचं नाव होतं.