ओंडके वाहणारी ट्रॅक्टर-ट्रॉली

ओंडके वाहणारी ट्रॅक्टर-ट्रॉली : तोडलेल्या झाडांचे ओंडके रानातून रस्त्यापर्यंत किंवा आरागिरणीपर्यंत नेण्यासाठी ट्रॅक्टरमागे जोडायची, हौदा नसलेली, उघड्या सांगाड्याची ट्रॉली. मधोमध एक पोलादी तुळई, तिच्यावर आडव्या बैठका, बैठकांच्या दोन्ही टोकांना उभे खुंट आणि ट्रॅक्टरच्या बाजूला भक्कम जाळी, एवढाच तिचा ऐवज असतो. स्वीडन व फिनलंड या देशांत तिचे रूप सर्वांत पक्व झाले. तेथील निम्म्याच्या आसपास जंगल कुटुंबांच्या मालकीचे आहे, आणि उन्हाळ्यात शेतीत राबणारा ट्रॅक्टर हिवाळ्यात लाकूड ओढतो. त्याआधी हे काम बर्फावरून चालणाऱ्या घोड्यांच्या घसरगाड्या करीत. १९५० नंतरच्या दोन दशकांत घोडा मागे पडला. घसरगाडीची बैठक आणि खुंट मात्र ट्रॉलीवर कायम राहिले. फिनलंडची केस्ला (स्थापना १९६०) आणि एस्टोनियाची पाल्म्स या कंपन्या आज क्रेनसह तयार ट्रॉल्या विकतात. तरीही शेतातल्या शेडमध्ये भंगारातला ट्रकचा आस आणून, वेल्डिंग करून स्वतःची ट्रॉली उभारणारे शेतकरी तिथे पुष्कळ आहेत.

चाके : जंगलात रस्ता नसतो, बुंधे, दगड आणि दलदल असते. म्हणून प्रत्येक बाजूची दोन चाके एका डुलत्या तुळईच्या दोन टोकांना बसवतात आणि ती तुळई मध्यावर आसाला टेकते. पुढचे चाक ३० सेंमी उंच बुंध्यावर चढले, तर आसाचा मध्य फक्त १५ सेंमी उचलला जातो, आणि चारही चाके जमिनीला टेकलेली राहतात. ट्रॉली कलंडण्याचा धोका त्यामुळे बराच घटतो. टायर रुंद व कमी हवेचे घेतात, ४००/६०-१५.५ हे माप नेहमीचे. शेताच्या ट्रॉलीचे अरुंद, जास्त हवेचे टायर ओल्या मातीत रुततात आणि झाडांची मुळेही तोडतात.

वजन : घरी ट्रॉली बांधणाऱ्याची फसगत येथे होते. ताज्या तोडलेल्या सूचिपर्णी लाकडाचे वजन घनमीटरला ८०० ते ९०० किग्रॅ. भरते. ३ मी. लांब, ३० सेंमी व्यासाचा ओंडका सुमारे १८० किलोचा. व्यास दुप्पट केला की तोच ७२० किलोंवर जातो. बहुतेकांची सगळी चिंता ‘सांगाड्याचे पोलादी चॅनेल किती जाड घ्यायचे’ हीच असते. चॅनेल पुरेसे जाड हवेच, पण अपघात होतात ते भार कुठे बसला आणि तो कशाने थांबणार, या दोन गोष्टींकडे दुर्लक्ष झाल्यामुळे. भाराचा मध्य आसाच्या किंचित पुढे असावा, म्हणजे भाराचा साधारण दहावा ते पाचवा हिस्सा ट्रॅक्टरच्या हुकावर येतो. लांब ओंडके मागे जास्त बाहेर आले, तर हूक वर उचलला जातो आणि ट्रॅक्टरची मागची चाके पकड सोडतात. म्हणून चांगल्या ट्रॉलीत चाकांचा संच तुळईवर पुढेमागे सरकवून बोल्टने आवळता येतो. हूक ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या रेषेखालीच हवा. त्या रेषेच्या वर साखळी बांधून ओढले, तर चढावर ट्रॅक्टरचे तोंड उचलते आणि तो चालकावर उलटू शकतो.

सांगाडा : जुनी ट्रॉली बदलायची असेल, तर हौदा आणि फाळके उतरवून उघडे सी-चॅनेल तोंडाला तोंड लावून जोडतात व त्यांची चौकोनी पेटी करतात. खडबडीत रानात सांगाडा वाकण्याआधी पिळवटतो, आणि पिळाला बंद पेटी उघड्या चॅनेलपेक्षा कितीतरी पटींनी चिवट असते. तुळईच्या वरच्या-खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड मारणे टाळावे. तडा तिथूनच सुरू होतो. खुंट तर बैठकीला थेट वेल्ड करूच नयेत. भार बाजूला रेलला की सगळा ताण खुंटाच्या बुडाशी एकवटतो आणि वेल्डच्या कडेने केसाएवढी चीर पडते; गंजाची तांबूस रेघ दिसू लागेपर्यंत ती नजरेत येत नाही. जाड पाइपची खोबण बैठकीवर बसवून तिला तिरके आधार द्यावेत आणि खुंट खोबणीत उभा करावा. वाकला तर बदलता येतो. प्रत्येक ओंडका किमान दोन बैठकांवर टेकला पाहिजे. खुंटांच्या टोकांवर रास नेऊ नये. साखळी किंवा रॅचेटचा पट्टा आवळल्याशिवाय ट्रॉली हलवू नये.

भरणे : ट्रॉलीच्या पुढच्या टोकावर बसणारी हायड्रॉलिक क्रेन, तिचा पंजा आणि जमिनीवर रोवायचे दोन पाय हे सर्वांत सोयीचे. क्रेन नसेल, तर दोन कललेल्या खांबांवरून ओंडका घोळवत चढवतात. दोराचे एक टोक ट्रॉलीला बांधून दोर ओंडक्याखालून घेऊन परत वर ओढला की निम्म्या जोरात काम होते. ओंडक्याच्या उताराच्या बाजूला कोणीही उभे राहू नये.

ब्रेक : उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते आणि वळणावर दोघे घडीच्या चाकूसारखे मिटतात. भंगारातून आस घेताना ब्रेक-ड्रमसह घ्यावा आणि ब्रेक ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला जोडावेत. या खर्चात काटकसर करू नये.

महाराष्ट्रात : येथे बांधावरची निलगिरी, सुबाभूळ आणि साग शेतीच्याच ट्रॉलीतून वखारीपर्यंत जातात. तालुक्याच्या गावातले फॅब्रिकेशनवाले ९.००-१६ टायरच्या दोनचाकी व चारचाकी ट्रॉल्या उत्तम बांधतात. पण त्यांतल्या अनेकींना ब्रेक नसतो, आणि फाळक्यांचा जोर माती-ऊस पेलण्यापुरता असतो. गोल, घरंगळणाऱ्या ओंडक्यांसमोर तो टिकत नाही. ओली निलगिरी जवळपास पाण्याइतकी जड असते, हेही हौदा भरताना लक्षात राहत नाही. आहे त्याच ट्रॉलीला काढता येणारे खुंट, पुढची जाळी आणि ब्रेक बसवणे हा कमी खर्चाचा आणि शहाणा बदल आहे. नोंदणीकृत वाहनात असा बदल करताना मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ लागू होते, त्यामुळे आरटीओकडे आधी विचारणा करावी. सागासारखे लाकूड हलवण्यासाठी वनविभागाचा वाहतूक परवाना सोबत असावा लागतो.