पेटंट नसलेली ‘पेटंट औषधे’

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे एखादे अमेरिकन वर्तमानपत्र चाळले, तर बातम्यांइतक्याच जाहिराती नजरेत भरतात. त्यांत औषधांच्या जाहिराती भरपूर. एकच बाटली सर्दी, अपचन, अशक्तपणा आणि क्षय या सगळ्यांवर रामबाण! या औषधांना ‘पेटंट औषधे’ म्हणत.

गंमत अशी, की त्यांतल्या बहुतेकांचे पेटंट कोणी घेतलेलेच नव्हते. पेटंट हवे असेल तर घटक आणि कृती उघड करावी लागते. मुदत संपली की ती कृती कोणालाही वापरता येते. औषधवाल्यांना नेमके हेच नको होते. त्यांनी जपले ते नाव, बोधचिन्ह आणि वेष्टण. ‘पेटंट’ हा शब्द आला तो इंग्लंडच्या राजाकडून काही विक्रेत्यांना पूर्वी मिळालेल्या मक्तेदारीच्या सनदांवरून.

मग बाटलीत असे काय? १८४९ पासून अमेरिकेत ‘मिसेस विन्सलोज सूदिंग सिरप’ विकले जाई. दात येताना रडणाऱ्या बाळांसाठी ते होते. जाहिरातीत आई आणि गुटगुटीत बाळ यांचे सुंदर चित्र असे. या सिरपच्या सुमारे ३० मिलिलिटरमध्ये ६५ मिलिग्रॅम मॉर्फिन होते. बाळ शांत होई यात नवल नाही. मॉर्फिनने झोप येते, पण श्वसनही मंदावते. तान्ह्या बाळाला थोडा जास्त डोस झाला, तर ते पुन्हा जागे होत नसे. लिडिया पिंकहॅम यांच्या स्त्रियांसाठीच्या औषधात सुमारे १८ टक्के अल्कोहोल होते, तर ‘पेरुना’ या टॉनिकमध्ये सुमारे २८ टक्के. बिअरमध्ये ते साधारण ५ टक्के असते!

तरीही हजारो लोक ‘मला गुण आला’ अशी पत्रे लिहीत. ती सगळी खोटी होती काय? तसे म्हणता येणार नाही. अफूने खोकला थांबतो, जुलाब थांबतात, वेदना कळत नाही. अल्कोहोलने तात्पुरती तरतरी वाटते. शिवाय सर्दीसारखे आजार औषध न घेताही काही दिवसांत बरे होतात, आणि श्रेय मात्र शेवटी घेतलेल्या बाटलीला मिळते. आणखी एक मुद्दा विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्यासारखा आहे. ज्याला गुण आला तो पत्र लिहितो. जो दगावला तो लिहीत नाही. त्यामुळे पत्रांचा ढीग कितीही मोठा असला, तरी किती जणांनी औषध घेतले आणि त्यांतले किती बरे झाले, हे त्यातून कळत नाही.

वर्तमानपत्रे हे सारे उघड का करीत नव्हती? जाहिरातींचे पैसे हे एक कारण. दुसरे कारण त्याहून गंभीर होते. नोव्हेंबर १९०५ मध्ये ‘कोलियर्स’ साप्ताहिकाने जाहिरातींचे करारच छापून दाखवले. त्यांत लाल शाईत एक कलम असे : राज्यात पेटंट औषधांविरुद्ध कायदा झाला, तर हा करार रद्द. म्हणजे कायदा होऊ नये ही काळजी औषधवाल्यांइतकीच संपादकांनाही! काही नियतकालिकांनी मात्र वेगळी वाट धरली. ‘लेडीज होम जर्नल’ने १८९२ मध्येच अशा जाहिराती घेणे बंद केले होते. ‘मिसेस पिंकहॅमना पत्र लिहा’ असे जाहिराती सांगत होत्या, तेव्हा १९०५ मध्ये या मासिकाने बाईंच्या थडग्याचे छायाचित्र छापले. त्या १८८३ सालीच वारल्या होत्या.

ऑक्टोबर १९०५ पासून ‘कोलियर्स’मध्ये सॅम्युएल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांची या औषधांवरची लेखमाला सुरू झाली होती. अमेरिकी कृषी खात्याचे मुख्य रसायनशास्त्रज्ञ हार्वे वायली हे तर अनेक वर्षे कायद्यासाठी झगडत होते. अखेर ३० जून १९०६ रोजी शुद्ध अन्न व औषध कायदा झाला. अल्कोहोल, मॉर्फिन, कोकेन असे घटक असतील तर ते लेबलवर छापणे सक्तीचे झाले. लक्षात घ्या, हे पदार्थ घालण्यास बंदी झाली नव्हती. फक्त लपवण्यास झाली होती.

कायद्यात एक मोठी फट होती. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की घटकांबद्दल खोटे लिहिणे हा गुन्हा आहे, ‘कर्करोग बरा होतो’ असे खोटे लिहिणे नव्हे! १९१२ च्या दुरुस्तीने गुणांचे खोटे दावेही गुन्हा ठरले. पण फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागे. ते सोपे नव्हते. शिवाय हे सारे लेबलपुरतेच होते. वर्तमानपत्रातली जाहिरात मोकळीच राहिली. औषध बाजारात आणण्याआधी ते सुरक्षित असल्याचे दाखवण्याची सक्ती झाली १९३८ मध्ये. त्याआधी १९३७ मध्ये ‘एलिक्झिर सल्फानिलामाइड’ या औषधाने शंभराहून अधिक बळी घेतले होते. त्यात औषध विरघळवण्यासाठी डायएथिलिन ग्लायकॉल हा विषारी द्रव वापरला होता.

आपल्याकडे १९४० साली औषध कायदा झाला. १९५४ साली खास जाहिरातींसाठी ‘औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा’ आला. ठरावीक आजार बरे करण्याचा दावा जाहिरातीत करण्यास तो मनाई करतो. हा कायदा आजही लागू आहे.

वर्गात एक उपक्रम सहज करता येईल. ग्रंथालयातला जुन्या वर्तमानपत्राचा एक अंक आणि आजचा एक अंक घ्या. औषधे, साबण, टॉनिके यांच्या जाहिराती विद्यार्थ्यांना शोधू द्या. प्रत्येक जाहिरातीला चार प्रश्न विचारायला सांगा : घटक दिले आहेत का? त्यांचे प्रमाण? दावा तपासता येण्याजोगा आहे का? ‘गुण आला’ असे किती जण म्हणतात, आणि एकूण कितींपैकी? चौथ्या प्रश्नाचे उत्तर कोणत्या अंकात मिळते ते पाहा.