बोटांचा भाव

अंगठा ३०, तर्जनी १४, मधले बोट १२, अनामिका ७, करंगळीही ७. कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टातले हे आकडे आमच्या वर्कशॉपमधल्या जुन्या फिटरांना तोंडपाठ असत. हे टक्के आहेत. बोट गेल्यावर माणसाची कमाई करण्याची ताकद किती घटली, ते कायद्याने ठरवून ठेवलेले. हा भाव अख्ख्या बोटाचा. एकच पेर गेले तर तर्जनीला ९, मधल्याला ७, उरलेल्या दोघांना ५. हाड शाबूत राहून नुसते टोक छाटले गेले तर ५, ४ आणि २.

१९२३ साली कायदा झाला तेव्हा हिशेब इतका बारीक नव्हता. अंगठा २५, तर्जनी १०, बाकी कुठलेही बोट सरसकट ५. उजवा हात कोपरावर तुटला तर ७०, डावा तुटला तर ६०. पुढे उजव्याडाव्यातला हा भेद गेला आणि पेरे मोजणे आले. दहा दिवसांच्या आत माणूस कामावर परतला तर मूळ कायद्यात त्याला काहीच मिळत नसे. ही अट नंतर तीन दिवसांवर आली.

करंगळीचा भाव ज्याने लावला त्याने हातात घण धरला नसावा. तर्जनी आणि मधले बोट नटबोल्ट चाचपायला लागतात, हे खरे. पण हातोड्याचा दांडा, पहार, मोठा पाना यांची घट्ट पकड येते ती शेवटच्या दोन बोटांतून. करंगळी आणि अनामिका गेलेला फिटर पाना फिरवतो, पण अडकलेला बोल्ट त्याच्याने सुटत नाही. कारकुनाच्या हिशेबात ही दोन बोटे स्वस्त आहेत आणि आमच्या कामात सर्वांत महाग. एवढे एक कलम बदलायला हवे होते असे मला नेहमी वाटत आले आहे.

मी फिटर होतो. वर्धा नदीच्या खोऱ्यातल्या एका कोळसा खाणीत लागलो, फोरमन होऊन निवृत्त झालो आणि मधली काही वर्षे नव्या पोरांना हत्यारे कशी धरायची ते शिकवत होतो. खाण कोणती ते सांगत नाही. जे सांगतो आहे ते कुठल्याही खाणीच्या दुरुस्ती-खात्यात मिळेल.

खाणीचा इतिहास म्हटला की लोकांना चासनाळा आठवते. २७ डिसेंबर १९७५, पाणी घुसले, ३७५ माणसे गेली. आठवायलाच हवी. देशातला खाणकायदासुद्धा अशाच मोठ्या मरणांतून आला. कोलारच्या सोन्याच्या खाणीत १८९७ मध्ये ५२ माणसे मेली, बलुचिस्तानातल्या खोस्तच्या कोळसा खाणीत १८९९ मध्ये ४७, आणि मग १९०१ चा कायदा झाला. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात खाण-तपासणीचे सरकारी कार्यालय उघडले; १९०८ मध्ये ते धनबादला गेले. म्हणजे मोजपट्टीच मुळी मरणाची होती. छत किती ठिकाणी पडले, वायू किती ठिकाणी पेटला, दोर किती तुटले हे तिने मोजले. हेल्परचे बोट घणाखाली चेचले गेले, हे तिच्यात कुठे बसणार?

आमच्या भागात हा धंदा वरोऱ्यापासून सुरू होतो. तिथली सरकारी कोळसा खाण १८७०च्या दशकात चालू झाली आणि तिच्यासाठी वर्ध्याहून रेल्वेचा फाटा आला. १९०६ मध्ये ती बंद पडली, तोवर बल्लारपूरकडे काम सरकले होते. कोळसा तोडणारा हात आणि यंत्र चालते ठेवणारा हात हे दोन वेगळे, ही वाटणी अगदी सुरुवातीपासूनची. पाणी उपसणारा वाफेचा पंप, टब ओढणारे एंजिन, बॉयलर ही यंत्रे आली, तशी त्यांची दुरुस्ती करणारी माणसेही आली. तेव्हाचा फिटर बहुधा लोहार नाहीतर सुतार, गावातून हत्यारांसकट उचललेला.

वरोरा म्हटले की आता बाबा आमट्यांचे महारोग्यांसाठीचे आनंदवन आठवते, खाण नाही. यातून एक विचित्र त्रास होई. आमच्या मुलखात बोटे नसलेला हात दिसला की लोकांच्या मनात आधी महारोग येई. एका हेल्परचे लग्न जुळताना मुलीकडच्यांनी डॉक्टरचा दाखला मागितला. बोट बेल्टच्या पुलीपाशी गेले होते, पण तसा कागद त्याच्याकडे नव्हता. शेवटी हेड फिटर स्वतः मुलीच्या गावी गेला आणि घडले ते सांगून आला. हेड फिटरला आम्ही उस्ताद म्हणायचो, आणि उस्तादाने असल्या कामाला जाणे त्या काळी कुणाला नवल वाटत नसे.

बोटे जात कशी? यंत्रात सापडून जातात ती थोडी. जास्त जातात ती हातातल्या साध्या हत्यारांनी. छिन्नी आणि घण हे त्यातले पहिले नाव. गंजलेला नट पान्याने सुटत नाही, मग तो छिन्नीने तोडायचा. एक जण छिन्नी धरतो, दुसरा घण मारतो. खाली भूमिगत खाणीत हे काम टोपीवरच्या दिव्याच्या उजेडात होते, पायाखाली चिखल, घण उगारायला डोक्यावर जागा नाही. घण मारणाऱ्याने मान वळवली की उजेडही वळला. छिन्नी धरणारा बहुतेक वेळा हेल्पर, म्हणून हेल्परांचे डावे हात पाहावेत. वारंवार ठोके खाऊन छिन्नीचे डोके कुत्र्याच्या छत्रीसारखे फुलते, त्याच्या कडा चिरतात आणि एखादा कपचा उडून सरळ डोळ्यात जातो. ते डोके वेळच्या वेळी ग्राइंडरवर घासून काढायचे असते. कोण काढतो?

दुसरे पान्याचे. बत्तीसचा पाना हवा असतो आणि पेटीत छत्तीसचा असतो. मग फटीत पत्र्याचा तुकडा सारायचा आणि जोर लावायचा. जोर कमी पडला की पान्यावर लांब पाइप चढवायचा. नट सुटला तर सुटला, नाहीतर पाना निसटतो आणि मूठ सगळ्या वजनासकट समोरच्या लोखंडावर आदळते. पेरांवरची सोललेली कातडी आम्ही जखमेत धरतच नव्हतो.

तिसरे चाकूचे. कन्व्हेयर बेल्टचा सांधा करताना रबर आणि कापडाचे थर कापावे लागतात. त्याला लागणारा चाकू हॅकसॉच्या तुटक्या ब्लेडला धार लावून, मुठीला चिंधी गुंडाळून पोरे स्वतः करत. बेल्ट कापताना हात अंगाकडे ओढायचा मोह होतो. डाव्या हाताचा अंगठा आणि मांडी, दोन्ही त्या वाटेत असतात.

आणि चौथे, ज्याची मला सर्वांत चीड आहे, ते भोकात बोट घालण्याचे. दोन पट्ट्यांची भोके समोरासमोर आली का, हे पाहायला माणूस करंगळी आत घालतो. वरची पट्टी चेन ब्लॉकवर टांगलेली असते, ती केसभर सरकली की टोक आतच राहते. यासाठी निमुळती सळई असते, तिला ड्रिफ्ट म्हणतात, ती प्रत्येक पेटीत असते. उस्ताद ओरडायचा, ‘अबे, भोक पाहाले सळई हाय, बोट कायले घालतं!’ तरी घालत. बोटाला समजते ते डोळ्याला समजत नाही, हा फिटरचा अभिमान आहे आणि तो खोटाही नाही.

पाना चुकीचा का असतो, हा खरा प्रश्न. स्टोअरचा नियम असा, की मोडके हत्यार जमा करा, नवे न्या. ऐकायला ठीक आहे. पण झिजलेला पाना मोडलेला नसतो. जबडा फाकलाय, नटावर बसत नाही, तरी तो धडधाकट दिसतो, म्हणून बदलून मिळत नाही. हरवला तर पगारातून कापतात. मग चांगला पाना जो तो आपल्या पेटीत कुलूप लावून ठेवतो आणि पाळीला येणाऱ्या नव्या पोराच्या हाती उरलेसुरले पडते. ज्यांना हत्यारे कशी वापरायची ते माहीत नाही, त्यांना सर्वांत वाईट हत्यारे, अशी ही वाटणी.

पूर्वी याला एक उतारा होता, तो म्हणजे खाणीची लोहारशाळा. कोळसा तोडायची कुदळ आणि सुरुंगाचे भोक पाडायच्या सळया रोज शेवटायला, म्हणजे टोक काढायला, लागत, म्हणून प्रत्येक खाणीत भाता असे. लोहार छिन्नीला पाणी द्यायचा. धार कडक, पण डोके मऊ ठेवायचा, म्हणजे ठोका खाऊन कपचा उडत नाही. आणि लोहार कधीही घणाखालची छिन्नी मुठीत धरत नाही. तिला जाड तारेचा वेढा देऊन लांब मूठ करतो. बोट वाचवायची ही युक्ती कुठल्याही सुरक्षा-पुस्तकाच्या आधीची आहे. भोके पाडायला टिकाऊ टोकांचे यंत्र आले, कुदळी गेल्या आणि लोहारशाळांचे काम संपले. भाता थंड झाला, त्याबरोबर छिन्नीला पाणी देणारा माणूस गेला आणि तारेची मूठही गेली. पुढे पोरे ट्रकच्या पाट्याच्या तुकड्याची छिन्नी करू लागली. ते पोलाद टोकापासून डोक्यापर्यंत सारखेच कडक, ठोक्याला काचेसारखे फुटते. खाण आधुनिक झाली आणि हेल्परचा हात मात्र लोहाराच्या पोराच्या हातापेक्षा उघडा पडला, हे माझे म्हणणे आहे, आणि ते मी आमच्या इंजिनिअर साहेबांनाही सांगितले होते. ते म्हणाले, ‘हातमोजे घाला ना.’ हातमोजे चांगलेच. पण चामड्याच्या जाड मोज्यात बारीक नट कळत नाही, आणि ड्रिल मशीनवर मोजा म्हणजे फिरत्या टोकाच्या हाती आपले बोट स्वतःहून देणे.

हत्यारे नीट पाहिली जात ती वर्षातून दोनदा. खंडेनवमीला मराठी आणि तेलुगू फिटर पेट्या रिकाम्या करत, छिन्न्या धुऊन हळदकुंकू लावत. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा पूजा. ती उत्तरेकडून आलेल्या कामगारांनी आणलेली, पुढे सगळ्यांची झाली. पूजेला फुललेल्या डोक्याची छिन्नी कशी मांडणार, म्हणून आदल्या पाळीला सगळी डोकी घासली जात. त्या निमित्ताने का होईना, ग्राइंडरभोवती गर्दी दिसायची. बोटांतल्या अंगठ्या मात्र तेव्हाही निघत नसत. शनीची लोखंडी अंगठी घोड्याच्या नालेची, ती काढली तर साडेसाती मागे लागते. बोल्टाला अंगठी अडकून पूर्ण बोटाची कातडी मोज्यासारखी निघालेली मी पाहिली आहे, आणि तो माणूस बरा होऊन आला तो दुसऱ्या हातात तीच अंगठी घालून.

मग या सगळ्याची नोंद कुठे? १९५२च्या खाण-कायद्यात जखमांच्या पायऱ्या होत्या. ७२ तास किंवा त्याहून जास्त कामावर येता आले नाही, तर ती कळवण्याजोगी जखम. बोटाच्या पेराचे हाड मोडले, तर ती थेट गंभीर. कायदा वाचला तर बोटाची आबाळ झालेली नाही, उलट त्याचे नाव घेऊन लिहिले आहे. पण व्यवहार वेगळा. बोट चेचले की दवाखान्यात मलमपट्टी, आणि दुसऱ्या दिवशी त्या माणसाला ‘लाइट ड्यूटी’. म्हणजे टाइम ऑफिसजवळच्या बाकावर बसायचे, हजेरी लागते, ७२ तास भरत नाहीत. एक्स-रे काढला नाही तर हाड मोडलेले नाही, कागदावर ‘मुका मार’.

यात नुसते वरचे लोक दोषी, असे मी म्हणणार नाही. कामगारालाही ते हवे असे. घरी बसला तर रविवारची दुप्पट हजेरी बुडते, ओव्हरटाइम बुडतो. नोंद झाली तर चौकशी लागते आणि चौकशीत कारण ठरलेले, ‘स्वतःचा निष्काळजीपणा’. झिजलेला पाना चौकशीला बोलावला जात नाही. १९७३ मध्ये खाणी सरकारी झाल्या, नोकरी पक्की झाली. त्याआधी बोट गेलेला माणूस गावी निघून जाई. पक्क्या नोकरीत तो राहिला, पगारही तोच राहिला, आणि मग भरपाईचा अर्ज कशाला करायचा, असे त्याचे त्यालाच वाटू लागले.

अर्ज केला तर काय मिळे? २०२० मध्ये हिशेबाला धरायच्या पगाराची कमाल मर्यादा महिना १५,००० रुपये झाली. त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. चाळीस वर्षांच्या माणसासाठी त्याला १८४.१७ ने गुणायचे, की १६,५७,५३० रुपये येतात. ही संपूर्ण माणसाची रक्कम. करंगळीचे ७ टक्के म्हणजे १,१६,०२७. करंगळीचे नुसते टोक, ३३,१५१. पोरांना शिकवताना मी हे गणित फळ्यावर मांडायचो. सुरक्षेच्या घोषणांनी जांभया देणारी पोरे इथे वही काढत. एकाने विचारले, ‘सर, दोन टोकं एकदम गेली तर?’ सगळे हसले. मीही हसलो, मग उत्तर दिले: दोन्हींचे टक्के मिळवायचे.

आता दुरुस्तीचे बरेच काम ठेकेदाराच्या माणसांकडे आहे. ओपन कास्टमध्ये शॉव्हेलच्या बकेटचे दात बदलणे हे त्यातले एक. दाताची पिन घणाने बाहेर काढायची, एकाने पिनेवर पंच धरायचा, दुसऱ्याने मारायचे. काम तेच, फक्त लोखंड मोठे. यातले काही माझे विद्यार्थी आहेत, बाजारात भेटतात, हात पुढे करताना डावा खिशात ठेवतात. मी विचारतो, दवाखान्यात काय लिहिले? खासगी दवाखान्याच्या कागदावर कारण लिहिलेले असते: मोटारसायकलच्या चेनमध्ये बोट.