बोगनवेल आणि झान बारे

बाल्कनीत फुलझाडं लावायची ठरली की यादीत बोगनवेल असतेच. तिला भरपूर ऊन हवं आणि पाणी बेतानं. फार लाड केले तर नुसती पानं वाढतात. आपण जिला फूल समजतो तीही रंगीत पानंच असतात. खरी फुलं त्यांच्या मधली, पांढुरकी आणि चिमुकली.

ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतली. १७६६ मध्ये फ्रेंच कप्तान बूगँव्हिल जगप्रदक्षिणेला निघाला. मोहिमेतला वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमर्सों याच्या संग्रहात ही वेल रिओ दि जानेरोला आली आणि तिला कप्तानाचं नाव मिळालं.

कॉमर्सोंचा पाय अधू होता. त्याचं ओझं वाहणारा, झाडं गोळा करणारा मदतनीस म्हणजे पुरुषवेशातली झान बारे! फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर बायकांना मनाई होती. पृथ्वीप्रदक्षिणा केलेली ती पहिली ज्ञात स्त्री. कॉमर्सोंनं एका वनस्पतीला तिचं नाव दिलंही, पण ते टिकलं नाही. पुन्हा तिचं नाव एखाद्या वनस्पतीला मिळायला २०१२ उजाडलं: सोलानम बारेटिए, आपल्या बटाट्या-वांग्याची नातलग.

नर्सरीतून रोप आणलं की कप्तानाचं नाव आपोआप घरी येतं. तिचं मात्र आपणच सांगायला हवं.