लिस्बन : छोट्या गटाने, पायी पाहायची राजधानी

युरोपच्या सहलीचे आपल्याकडील चित्र ठरून गेलेले आहे. चाळीस-पंचेचाळीस जणांचा चमू, वातानुकूलित बस, बारा दिवसांत सहा-सात देश, रात्री भारतीय जेवण आणि सकाळी साडेसातला सामानासह खाली येण्याची ताकीद. प्रथमच परदेशी निघालेल्या कुटुंबाला या पद्धतीचा मोठा आधार वाटतो, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र काही शहरे बसच्या खिडकीतून दिसतच नाहीत. पोर्तुगालची राजधानी लिस्बन हे त्याचे ठळक उदाहरण. तिच्या जुन्या वस्तीतील गल्ल्या इतक्या चिंचोळ्या व चढउताराच्या आहेत, की तेथे मोठी बस शिरूच शकत नाही. शिवाय मुंबई, वसई आणि गोवा यांच्या इतिहासातील अनेक निर्णय याच शहरात झालेले असल्याने मराठी पर्यटकाने येथे विचारण्यासारखे प्रश्न इतरांहून वेगळे असतात. पन्नास जणांच्या घोळक्यात ते विचारता येत नाहीत.

छोट्या गटाची सहल म्हणजे साधारणतः आठ ते पंधरा जण, एक स्थानिक वाटाड्या आणि अडीच-तीन तासांची पायपीट. लिस्बनमध्ये अशा सहली रोज सकाळ-दुपार निघतात व त्यांची नोंदणी घरबसल्या इंटरनेटवरून करता येते. त्यातही प्रकार आहेत. काही सहलींचे शुल्क आधी भरावे लागते व गटाची कमाल संख्या ठरलेली असते. काही ‘मोफत’ म्हणवल्या जातात. त्यांत शेवटी आपल्या मर्जीने बक्षिसी द्यायची असते. या दुसऱ्या प्रकारात गर्दीच्या दिवसांत गट पंचवीस-तीसांवर जातो आणि मग छोट्या गटाचा अर्थच उरत नाही. त्यामुळे नोंदणी करताना कमाल संख्या किती, इंग्रजीतील माहिती स्वतंत्र की दोन भाषांत आलटून पालटून, स्मारकांची तिकिटे शुल्कात धरली आहेत का, आणि मार्ग चढणीचा की उताराचा, एवढे विचारून घ्यावे. शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल. पण सात टेकड्यांचे शहर अशी लिस्बनची ख्याती आहे आणि गुडघेदुखी असलेल्या ज्येष्ठांसाठी वरून खाली येणारा मार्ग व खालून वर जाणारा मार्ग यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बहुतेक सहलींचा आरंभ तेजू नदीच्या काठावरील विस्तीर्ण चौकातून होतो. त्याचे अधिकृत नाव ‘प्रासा दु कोमेर्सिउ’, म्हणजे व्यापार चौक. लोक मात्र आजही त्याला ‘तेर्रैरु दु पासु’, राजवाड्याचे पटांगण म्हणतात. राजवाडा येथे आता नाही. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, साडेनऊच्या सुमारास लिस्बनला प्रचंड भूकंपाचा धक्का बसला. सणामुळे चर्च भरलेली होती, मेणबत्त्या पेटलेल्या होत्या. जे वाचले ते मोकळ्या जागेच्या शोधात नदीकाठी धावले आणि थोड्याच वेळात समुद्राकडून आलेल्या लाटांनी तो काठच गिळला. उरलेले शहर नंतर कित्येक दिवस आगीत जळत राहिले. मृतांच्या संख्येबाबत अभ्यासकांत मोठी तफावत आहे. ती हजारोंच्या घरात होती यात मात्र दुमत नाही. राजवाड्याबरोबर राजाचे ग्रंथालय गेले आणि पौर्वात्य व्यापाराचा कारभार पाहणाऱ्या ‘काझा दा इंडिया’चे दफ्तरही गेले. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरील सोळाव्या शतकातील हालचालींची किती कागदपत्रे त्यात नष्ट झाली, याची हळहळ इतिहासकारांना आजही वाटते.

सुदैवाने सारेच गेले नाही. राज्याचे मुख्य दफ्तर किल्ल्यातील ‘तोर्रे दु तोंबु’ नामक बुरुजात होते. बुरुज कोसळला, पण दफ्तराचे प्रमुख मानुएल दा माया यांनी वयाची पंचाहत्तरी उलटलेली असताना ढिगाऱ्यातून बहुतांश कागद वाचविले. हेच गृहस्थ राज्याचे मुख्य अभियंताही होते आणि नव्या नगररचनेचे प्रस्ताव त्यांनीच मांडले. राजाचा मंत्री, पुढे मार्केस द पोंबाल म्हणून प्रसिद्ध झालेला सेबास्तियाँव कार्वाल्यू, याने ते कठोरपणे अमलात आणले. चौकाच्या मागे ‘बैशा’ नावाचा जो सखल भाग आहे, तेथील काटकोनात छेदणारे रस्ते आणि एकसारख्या दर्शनी भागाच्या इमारती ही त्या काळची देणगी. या इमारतींच्या भिंतींच्या आत तिरक्या आधारांच्या लाकडी चौकटींचा सांगाडा आहे. पोर्तुगीज त्याला ‘गायोला’, पिंजरा म्हणतात. भूकंपाचा धक्का सोसण्यासाठी केलेल्या रचनेचे हे युरोपातील आरंभीचे उदाहरण मानले जाते. सांगाड्याच्या नमुन्याभोवती सैनिकांना पाय आपटत कवायत करायला लावून त्याची परीक्षा घेतली गेली, अशी कथा प्रत्येक वाटाड्या सांगतो.

मुंबईकराने या चौकात आणखी एका घटनेची आठवण करून घ्यावी. १६६१ च्या विवाह-करारानुसार राजकन्या काटारिना, अर्थात कॅथरिन ऑफ ब्रॅगान्झा, इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यास दिली गेली आणि आंदणात मुंबई बेट व आफ्रिकेतील टँजियर हे बंदर देण्याचे ठरले. एप्रिल १६६२ मध्ये ती याच नदीतून इंग्लंडला निघाली. मुंबई प्रत्यक्षात इंग्रजांच्या ताब्यात येण्यास १६६५ साल उजाडले. गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांना हा सौदा मान्य नव्हता, आणि त्यांचा विरोध दूरदृष्टीचा होता असेच आज म्हणावे लागेल. वैधव्यानंतर काटारिना मायदेशी परतली व १७०५ मध्ये लिस्बनलाच वारली. आल्फामा वस्तीच्या वरच्या अंगाला ‘साँव व्हिसेंत द फोरा’ या मठात ब्रागांसा राजघराण्याच्या शवपेट्या आहेत, त्यांत तिचीही आहे. नेहमीच्या सहलींचा हा थांबा नव्हे. परंतु गट दहा जणांचा असेल आणि आधी सांगून ठेवले, तर वाटाडे वाट वाकडी करतात. नाही तर सहल संपल्यावर आपले आपण जावे.

बैशातून पुढे ‘रोसिउ’ चौक लागतो. काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांची नक्षी पाहून सगळे छायाचित्रे काढू लागतात. उत्तरेचे खांबांचे नाट्यगृह जेथे उभे आहे, तेथे पूर्वी इन्क्विझिशनचा वाडा होता. गोव्यात १५६० पासून जे धर्मन्यायालय चालले, त्याची वरिष्ठ परिषद लिस्बनमध्येच होती. जवळच ‘साँव दोमिंगुश’ चर्च आहे. एप्रिल १५०६ मध्ये येथूनच सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल सुरू झाली; त्याचे लहानसे स्मारक २००८ मध्ये बाहेर उभारण्यात आले. चर्चला १९५९ मध्ये आग लागली आणि डागडुजी करताना तडकलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले गेले. लिस्बनमधील सर्वांत प्रामाणिक वास्तू कोणती, असे विचारले तर आम्ही या चर्चकडे बोट दाखवू.

येथून वर कार्मु चौक. भूकंपात छप्पर कोसळलेल्या मठाच्या उघड्या कमानी येथे आहेत. समोरच्या पोलीस मुख्यालयात २५ एप्रिल १९७४ रोजी पंतप्रधान मार्सेलु काएतानु यांना बंडखोर सैनिकांनी वेढले आणि जवळपास अर्धशतकाची हुकूमशाही संध्याकाळपर्यंत संपली. सैनिकांच्या बंदुकांत लोकांनी कार्नेशनची फुले खोवली, म्हणून ती कार्नेशन क्रांती. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला, पण पोर्तुगालने ते कधी मानले नव्हते. ती मान्यता देणारा करार या क्रांतीनंतर, ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत झाला. वाटाड्या गोव्याचा उल्लेख सहसा आपणहून करीत नाही. विचारल्यास मात्र बहुतेक जण मोकळेपणाने बोलतात. गोव्याचे त्रिस्ताँव ब्रागांसा कुन्हा यांना ज्या पेनिश किल्ल्यात कैदेत ठेवले होते, तेथे एप्रिल २०२४ मध्ये प्रतिकार व स्वातंत्र्याचे राष्ट्रीय संग्रहालय सुरू झाले. हा किल्ला लिस्बनच्या उत्तरेस समुद्रकाठी आहे. त्यासाठी वेगळा दिवस काढावा लागतो.

आल्फामा ही अरबांच्या काळापासूनची वस्ती. नावही अरबीच, उष्ण झऱ्यांवरून पडलेले. भूकंपातून बऱ्याच अंशी बचावल्यामुळे येथील गल्ल्यांची गुंतागुंत टिकून आहे. दोरीवर वाळणारे कपडे, दारात बसलेल्या आजीबाई, संध्याकाळी ‘फादु’ गायनाचे सूर. २०११ मध्ये युनेस्कोने या गायनाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. छोट्या गटाचा खरा उपयोग येथे कळतो, आणि त्याची जबाबदारीही. गेल्या दशकात येथील घरे भराभर पर्यटकांच्या अल्पमुदतीच्या निवासांत बदलली, भाडी वाढली आणि जुने रहिवासी शहराबाहेर ढकलले गेले. २०१८ मध्ये नगरपालिकेला आल्फामासह काही जुन्या वस्त्यांत अशा निवासांची नवी नोंदणी थांबवावी लागली. दारातल्या आजीबाई शोभेच्या वस्तू नव्हेत. विचारल्याशिवाय त्यांची छायाचित्रे घेऊ नयेत आणि गल्लीत आवाज बेताचा ठेवावा.

चढण टाळण्यासाठी अनेक जण ट्रामकडे वळतात. २८ क्रमांकाची पिवळी ट्राम जुन्या वस्त्यांतून जाते हे खरे, पण गर्दी आणि खिसेकापू या दोन्हींसाठी ती प्रसिद्ध आहे. चढायचेच तर सकाळी लवकर, पहिल्या थांब्यावर. ग्लोरिया टेकडीवरील केबलच्या ट्रामला ३ सप्टेंबर २०२५ रोजी भीषण अपघात होऊन १६ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ती व तिच्यासारख्या इतर गाड्या तपासणीसाठी बंद ठेवण्यात आल्या. जुन्या सहलपत्रकांत हा थांबा अजूनही छापलेला असू शकतो, तेव्हा आधी चौकशी करावी. तीनचाकी ‘टुकटुक’ही मिळतात. आपल्या रिक्षेची ही युरोपीय भावंडे तेथे बरेच पैसे घेतात, आणि अरुंद गल्ल्यांतील त्यांच्या गोंगाटाला रहिवासी त्रासले आहेत.

बेलेंग हा पश्चिमेचा नदीकाठचा भाग स्वतंत्र अर्ध्या दिवसाचा. जेरोनिमुश मठाचे बांधकाम सोळाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले आणि खर्चाचा मोठा वाटा पौर्वात्य व्यापारावरील करातून, म्हणजे मुख्यतः मिरी-मसाल्यांतून आला. आत वास्को द गामाची समाधी आहे. तो १५२४ मध्ये कोचीला वारला. अस्थी आधी पोर्तुगालमधील एका गावी व १८८० मध्ये येथे आल्या. शेजारी, काही काळ गोव्यात राहिलेल्या कामोइंश या महाकवीची समाधी. तिच्यातील अस्थी खरोखर त्याच्याच का, याविषयी शंका आहे.

काठावरील बेलेंग बुरूज २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद करण्यात आला होता. आत जायचे असल्यास आधी चौकशी करावी, पण बाहेरून एक गोष्ट अवश्य शोधावी. एका टेहळणी-मनोऱ्याच्या तळाशी गेंड्याचे झिजलेले दगडी शिल्प आहे. गुजरातच्या सुलतानाने आल्बुकेर्कला भेट दिलेला हा गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघाला व २० मे रोजी लिस्बनला पोहोचला. पोर्तुगीज त्याला ‘गांदा’ म्हणत, शब्द आपलाच. जर्मन चित्रकार ड्यूररने त्यास न पाहता, केवळ वर्णन व रेखाटनावरून त्याचे काष्ठमुद्राचित्र केले आणि ते युरोपभर गाजले. राजाने तो पुढे पोपला नजर केला, पण वाटेत जहाज बुडाले आणि साखळदंडातील तो प्राणीही.

नजीकच खलाशांच्या पुतळ्यांचे भव्य दगडी स्मारक आहे. आजचे बांधकाम १९६० चे, सालाझारच्या राजवटीतले. गोवा हातचा जाण्याच्या अवघे वर्षभर आधीचे. येथे वाटाडे ‘शोधयुगा’विषयी भारावून बोलतात. ज्यांच्या गलबतांना याच आरमाराचे ‘कार्ताझ’ नावाचे परवाने विकत घ्यावे लागत, त्या किनाऱ्यावरून आलेल्या माणसाने शोध कुणी कुणाचा लावला, हे विचारायला हरकत नाही. चांगला वाटाडा रागावत नाही. उलट त्याचे बोलणे तेथून रंगते.

आता काही व्यावहारिक बाबी. घड्याळ आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेचार व हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते. पदपथ गुळगुळीत चुनखडीच्या तुकड्यांचे असून पावसात घसरतात. रबरी तळव्याचे बूट हवेत. पाऊस मुख्यतः नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जेरोनिमुश मठ सोमवारी बंद असतो. सप्टेंबर २०२४ पासून तेरा वर्षांवरील पाहुण्याला दर रात्री चार युरो, जास्तीत जास्त सात रात्रींचा, पर्यटन कर द्यावा लागतो. उपाहारगृहात न मागता पाव, ऑलिव्ह आणून ठेवतात. खाल्ले तर त्याचे पैसे पडतात. शाकाहारींनी ‘सें कार्न, सें पेइश’ (मांस नको, मासे नको) हे शब्द पाठ करावेत, कारण भाजीच्या सूपमध्येही सॉसेजचा तुकडा असतो. प्रसिद्ध ‘पाश्तेल’ या गोड पदार्थात अंड्याचा बलक असतो. बेलेंगमधील त्याचे दुकान १८३७ पासून चालू आहे. कॉफीच्या दुकानांतील ‘शामुसा’ म्हणजे आपला समोसाच.

भाषेची फार धास्ती घेऊ नये. भाजीच्या दुकानात ‘बताता’, ‘कोव्ह’ आणि ‘अनानाश’ दिसतील, हॉटेलवाला खोलीची ‘शाव्ह’ हाती देईल. बटाटा, कोबी, अननस आणि चावी ओळखायला मराठी माणसाला शब्दकोश लागत नाही.