फोन कुणाकडे जायचा, हे ठरवतं कोण?

मंडळी, आजच्या विषयाची सुरुवात आपण अंत्यविधीची व्यवस्था करणाऱ्या एका व्यावसायिकापासून करू. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीचा आल्मन स्ट्रोजर. त्याला संशय होता, की आपल्यासाठी येणारे फोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर दुसऱ्याच व्यावसायिकाला जोडून देते. संशय खरा असो वा नसो, त्यातून ऑपरेटरशिवाय चालणारं एक्स्चेंज जन्माला आलं. १८९१ मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी असं पहिलं एक्स्चेंज सुरू झालं. आता ग्राहकाने पाठवलेल्या आकड्यांप्रमाणे यंत्रच जोडणी करू लागलं.

आपल्याला वाटतं, माणूस गेला, पक्षपात गेला. पण निर्णय कुठे गेला?

इंटरनेट टेलिफोनीत तो नियमांत जाऊन बसला. १९९९ साली एसआयपी ही संकेतपद्धती मानक म्हणून पुढे आली. तिच्यात फोन जुळवण्याचे निरोप वेगळे आणि आवाज वेगळा. निरोप सर्व्हरकडे येतो आणि सर्व्हर नियम पाहतो. नंबरची सुरुवात कोणत्या आकड्यांनी होते? कार्यालय उघडं आहे का? कोणत्या कंपनीमार्फत पाठवलं तर स्वस्त पडेल? ती वाट बंद असेल तर दुसरी कोणती? २००४ मध्ये तर ग्राहकाला असे नियम स्वतः लिहिता यावेत, म्हणून एक छोटी भाषाच ठरवली गेली. सर्व्हर अडकू नये म्हणून तिच्यात पुनरावर्तनाची सोय मुद्दाम ठेवलेली नाही.

हे सगळं सोयीचंच आहे. पण २०१३ साली टेक्सासमधल्या एका मोटेलात आईवर हल्ला होत असताना नऊ वर्षांच्या मुलीने शिकवल्याप्रमाणे ९११ फिरवला, पुन्हा पुन्हा फिरवला. फोन लागला नाही, कारण तिथून बाहेर फोन लावायला आधी ९ दाबावा लागे. आई गेली. इथे कुणाचा पक्षपात नव्हता. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर ती मुलगी नव्हती, एवढंच. अशा फोनयंत्रणांतून ९११ थेट लागलाच पाहिजे, असा कायदा अमेरिकेत २०१८ मध्ये झाला.

तत्त्वज्ञानात आपण कृतीची जबाबदारी कर्त्यावर टाकतो. इथे कर्ता नियम लिहून केव्हाच घरी गेलेला असतो. म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही.

उद्या आपापल्या कार्यालयात एवढं विचारा: बाहेर फोन लावायला आधी शून्य दाबावा लागत असेल, तर ११२ थेट लागतो का? आता तुमचे प्रश्न घेऊ.