चौक, गुण्या आणि सदिश रेषा : ठाणे जिल्ह्यातील आरंभिक रेखनाचा इतिहास

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात येईपर्यंत डहाणू आणि नेरूळ ही दोन्ही स्थळे एकाच ठाणे जिल्ह्यात मोडत होती. डहाणू जिल्ह्याच्या उत्तरेकडे, वारली वस्तीच्या डोंगरपट्टीस लागून. तर नेरूळ दक्षिणेकडे, ठाण्याच्या खाडीकाठी. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि नेरूळ, शिरवणे, करावे, दारावे, सारसोळे या आगरी-कोळी गावांच्या भाताच्या व मिठाच्या जमिनींवर नव्या शहराचे चौकोन आखले गेले. त्यापुढील काळात येथे अभियांत्रिकीची व इतर महाविद्यालये उभी राहिली. एकाच जिल्ह्याच्या या दोन टोकांमध्ये चित्रकलेच्या दृष्टीने काही संबंध असेल, असे सकृद्दर्शनी वाटत नाही. परंतु संगणकावर साधी चित्रे काढावयास शिकणाऱ्या विद्यार्थ्यापुढे मराठीतून जे पाठ आज उपलब्ध आहेत, ते पाहिले असता हा संबंध अगदी प्रत्यक्ष आहे असे दिसून येते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘स्पोकन ट्यूटोरियल’ या प्रकल्पाने मुक्त संगणक-प्रणालींविषयीचे लहान लहान दृक्‌श्राव्य पाठ तयार केले आहेत. पाठाची संहिता प्रथम इंग्रजीत लिहावयाची, ती तपासून घ्यावयाची आणि मग मराठीसह अनेक भारतीय भाषांत तिचे निवेदन करावयाचे, अशी त्यांची पद्धती होय. विद्यार्थ्याने पडद्याच्या एका भागात पाठ ऐकत दुसऱ्या भागात तीच कृती स्वतः करावी, अशी अपेक्षा असते. ‘इंकस्केप’ या चित्ररेखनाच्या मोफत प्रणालीवरील पाठमालेत आकृत्या काढणे, रंग भरणे, थर रचणे, बेझिए वक्र ओढणे हे नित्याचे धडे आहेतच. पण त्यांतील एक पाठ कापडावरील नक्षीसाठी वारली चित्र काढण्याचा आहे, आणि दुसरा कोयरीच्या नक्षीचा. म्हणजे नेरूळच्या एखाद्या वसतिगृहात बसून इंकस्केप शिकणारा विद्यार्थी आपल्याच जुन्या जिल्ह्याच्या उत्तर भागातील आकृती गिरवीत असतो. ही निवड पाठ रचणाऱ्यांनी कोणत्या हेतूने केली हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी ती आकस्मिक मात्र म्हणता येणार नाही. प्रणालीची मूलतत्त्वे आणि वारली चित्राची मूलतत्त्वे यांत खरोखरच एक सादृश्य आहे.

ते सादृश्य स्पष्ट होण्यासाठी ‘सदिश’ या शब्दापासून आरंभ करणे सोयीचे होईल. गणितात ज्या राशीस परिमाण आणि दिशा दोन्ही असतात तिला सदिश राशी म्हणतात. छायाचित्र संगणकात साठविले जाते ते लहान लहान ठिपक्यांच्या रूपाने. कोणत्या जागी कोणता रंग आहे एवढेच त्यात नमूद असते. सदिश चित्राचे तसे नाही. ‘या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत जा, तेथून अमुक वळणाने वळ, आकृती बंद कर, आत पांढरा रंग भर’ अशा आज्ञांच्या रूपाने ते लिहिलेले असते. ठिपक्यांच्या चित्रात खुणेची नोंद होते, सदिश चित्रात कृतीची. म्हणूनच ते कितीही मोठे केले तरी त्याच्या कडा फाटत नाहीत. दर वेळी आज्ञा नव्याने पाळल्या जातात एवढेच.

या कल्पनेचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९६३ साली मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रज्ञान संस्थेत आयव्हन सदरलँड यांनी आपल्या प्रबंधासाठी ‘स्केचपॅड’ ही प्रणाली रचली. एक मूळ आकृती काढून ठेवावी, तिच्या हव्या तितक्या आवृत्त्या मांडाव्यात आणि मूळ बदलले की सर्व आवृत्त्या बदलाव्यात, ही सोय तीत होती. जवळपास त्याच सुमारास फ्रान्समध्ये मोटारींच्या बाह्यांगाचे वक्र गणिताने मांडण्याचा प्रश्न सिट्रोएन कारखान्यात पॉल द कास्तेलजो यांनी आणि रेनो कारखान्यात पिएर बेझिए यांनी सोडविला. कास्तेलजो यांचे काम १९५९ चे. परंतु कारखान्याने ते गुप्त ठेवल्यामुळे वक्रास नाव मिळाले ते बेझिए यांचे. पुढे १९८० नंतरच्या दशकात छपाईच्या व्यवसायाने हे वक्र स्वीकारले. सप्टेंबर २००१ मध्ये ‘एसव्हीजी’ हे सदिश चित्रांचे खुले लिखितरूप प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाले. त्यावर आधारलेली ‘सोडिपोडी’ नावाची प्रणाली त्यापूर्वीच आकारास येत होती. २००३ साली तिच्यातून चार जण वेगळे झाले आणि इंकस्केपचा जन्म झाला. तिची मूळ संहिता कोणासही पाहता, बदलता व वाटता येते. महाग प्रणाली विकत घेण्याची ऐपत नसलेल्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

भाषेच्या अभ्यासकास एसव्हीजीचे आकर्षण वाटण्याचे कारण वेगळे आहे. हे चित्र म्हणजे अक्षरशः मजकूर असतो. साध्या लेखनपाटीत ते उघडले तर वर्तुळ, चौकट, मार्ग अशी नामे आणि त्यांना लागलेली विशेषणे वाचता येतात. मार्गाच्या आत तर क्रियापदेच असतात : ‘एम’ म्हणजे सरक, ‘एल’ म्हणजे सरळ रेघ ओढ, ‘सी’ म्हणजे वळ, ‘झेड’ म्हणजे मिटव. वाक्यातील शब्दक्रमाप्रमाणे येथेही क्रमास अर्थ आहे. नंतर लिहिलेली आकृती आधीच्या आकृतीवर बसते. संस्कृतातील ‘लिख्’ या धातूचा मूळ अर्थ ओरखडणे असा असून लिहिणे आणि चित्र काढणे हे दोन्ही अर्थ त्याला आहेत. ‘रेखा’ हा शब्दही त्याच कुळातील, आणि मराठीतील ‘रेघ’ तिचीच लेक. ‘चित्रलिखित’ हा समास आपण आजही वापरतो. लेखन आणि रेखन यांची फारकत झाली असे गृहीत धरून चालणाऱ्यांना हा नवा लिखितरूपाचा प्रकार काहीसा अडचणीचा वाटावा.

आता वारली चौकाकडे वळू. ‘चौक’ हा शब्द संस्कृत ‘चतुष्क’ यावरून आलेला. विवाहप्रसंगी घराच्या आतील, गेरू किंवा शेणमातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने तो काढला जातो. बांबूची काडी चावून तिच्या टोकाचा कुंचला करतात. हे काम परंपरेने सवाष्णींचे. चौकटीच्या आत पालघाट देवी असते. भोवती झाडे, प्राणी, माणसे, तारप्याभोवती फेर धरलेले नर्तक. माणसाचे शरीर म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. डोके म्हणजे वर्तुळ. हातपाय म्हणजे रेघा. दोन त्रिकोणांच्या त्या एका सांध्यावर देह कोणत्याही बाजूस झुकविता येतो, आणि नाच, पेरणी, शिकार या साऱ्या क्रिया केवळ त्या झुकण्याने व्यक्त होतात. इतक्या थोड्या रूपांतून इतके विविध अर्थ काढणारी दुसरी चित्रपद्धती महाराष्ट्रात सहसा आढळणार नाही.

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट अशी की, चौक ही जपून ठेवावयाची वस्तू नव्हे. लग्नासाठी तो काढला जातो, कालांतराने भिंतीवरून पुसट होतो, आणि पुढील लग्नासाठी पुन्हा काढला जातो. परंपरा जी टिकते ती भिंतीवर टिकत नाही. ती काढणाऱ्या स्त्रियांच्या हाती व स्मरणात, कृतीच्या रूपाने टिकते. सदिश चित्रही कृतीच्या रूपानेच टिकते, हे वर सांगितलेच आहे. यास्तव, वारली आकृतीची संगणकावर आवृत्ती काढणे म्हणजे तिचा ऱ्हासच होय, हा अलीकडे सरसकट केला जाणारा आक्षेप नीट तपासून घ्यावयास हवा. आवृत्ती हा चौकाचा धर्मच आहे. प्रश्न असा की, आवृत्तीबरोबर काय जाते आणि काय मागे राहते.

या प्रश्नाचा एक भाग १९७० नंतरच्या दशकात, संगणक येण्यापूर्वीच उभा राहिला होता. भास्कर कुलकर्णी हे चित्रकार हस्तकलेच्या शासकीय योजनेतून डहाणू भागात गेले आणि त्यांनी वारल्यांच्या हाती कागद व रंग दिले. गंजाड येथील जिव्या सोमा मशे यांनी विवाहविधीच्या बाहेर, रोजच्या छंदासारखी चित्रे काढण्यास आरंभ केला होता. पुढे १९८९ साली पॅरिस येथील ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांचा समावेश झाला, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रांत बारीक बारीक रेघांनी सारा कागद भरलेला असतो, आणि त्यांतील एकही रेघ दुसरीसारखी नसते. मात्र याच स्थित्यंतरात चौक सवाष्णींच्या हातून सुटून कागदावरील चित्र मुख्यतः पुरुषांच्या नावाने ओळखले जाऊ लागले. विधीतून सुटका झाली तेव्हाच प्रथम कर्त्याचे नाव आले, आणि ते नाव विधी सांभाळणाऱ्या स्त्रीचे नव्हते.

दुसरी परंपरा शाळेची आहे. मुंबईत १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळा सुरू झाली. तिच्या आरंभीच्या शिक्षणक्रमावर दक्षिण केन्सिंग्टनच्या पद्धतीची, म्हणजे भूमिती आणि बाह्यरेषा यांवर भर देणाऱ्या पद्धतीची छाप होती. त्या वळणाची खूण आजही एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत दिसते. १९६५ साली स्थापन झालेले कला संचालनालय त्या घेते आणि वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांच्या बरोबरीने भूमिती व अक्षरलेखन हाही त्यांत एक विषय असतो. महाराष्ट्रातील मुलांच्या कित्येक पिढ्यांनी कंपास, गुण्या व कर्कटक यांच्या साहाय्याने स्पर्शिका ओढल्या, वर्तुळात षट्‌कोन बसविले. इंकस्केपमधील मूळ कौशल्य हेच आहे. घराच्या अंगणातील ठिपक्यांची रांगोळीही त्याच जातीची : ठिपके निश्चित, रेघेचा मार्ग निश्चित, हात कोणाचाही.

असे असता मराठी पाठांची परिभाषा पाहिली तर मौज वाटते, आणि थोडा खेदही. प्रणालीतील आज्ञा पडद्यावर इंग्रजीत दिसतात, तेव्हा निवेदकाने ‘ऑब्जेक्ट’, ‘नोड’, ‘स्ट्रोक’, ‘क्लोन’ हेच शब्द उच्चारणे व्यवहाराच्या दृष्टीने योग्यच आहे. विद्यार्थ्यास कळ शोधावयाची असते. त्यासाठी संस्कृतप्रचुर पर्याय घडविण्याचा अट्टाहास कोणी करू नये. परंतु ज्या गोष्टींना मराठीत जिवंत शब्द आहेत त्यांचे काय? कोयरीला ‘मँगो पॅटर्न’ म्हटल्याने पैठणी विणणाऱ्याचा शब्द बाजूस पडतो. किनार, काठ, पदर, चौकट, सांधा, वळण हे शब्द शिकणाऱ्याच्या घरात असतात. स्ट्रोकला ‘रेघ’ म्हणण्यास कोणाचीही अनुमती लागत नाही.

काय मागे राहते याचे प्रत्यक्ष उत्तर या प्रणालीतील एका सोयीवरून मिळते. छायाचित्रावरून आपोआप बाह्यरेषा काढून देणारी युक्ती इंकस्केपमध्ये आहे. वारली चित्राचे छायाचित्र तिच्या स्वाधीन केले, तर क्षणार्धात सदिश चित्र तयार होते. पण त्यात दोन त्रिकोण व एक वर्तुळ नसते. असते ती पांढऱ्या डागाची वेडीवाकडी सीमा, कित्येक बिंदूंनी बांधलेली. देह झुकविण्यासाठी सांधाच तेथे राहत नाही. ते रूप सदिश, पण आशय ठिपक्यांच्या चित्राचाच. उलटपक्षी, पाठात सांगितल्याप्रमाणे ज्याने त्रिकोण उलटा करून दुसऱ्यावर बसविला, डोके जोडले, रेघांचे हातपाय ओढले आणि मग क्लोनच्या आज्ञेने ती मूर्ती किनारीवर ओळीने मांडली, त्याच्या हाती वारली आकृतीचे व्याकरण थोडेतरी येते. काडीच्या टोकाने येणारा जाड-बारीकपणा मात्र जातो. प्रणालीची सामान्य रेघ सर्वत्र एकाच जाडीची असते. सुलेखनाची लेखणी वापरून ती बदलता येते, पण आरंभीचा विद्यार्थी तिथवर क्वचितच पोहोचतो. शिवाय क्लोनच्या ओळीतील सर्व नर्तक एकाच अंशाने झुकतात. भिंतीवर असे घडत नाही.

आणि नाव? वारली चित्रास १९९९ च्या भौगोलिक मानांकनाच्या कायद्याखाली नोंदणी मिळाली आहे. त्या कायद्याने मालावरील नावाचे व मूळ प्रदेशाचे रक्षण होते. दोन त्रिकोणांची आकृती कोणी काढावी यावर तो बंधन घालीत नाही, आणि घालू शकणारही नाही. नक्षीच्या बाजारात ही आकृती निनावी फिरते याचे खापर मात्र लिखितरूपावर फोडता येत नाही. एसव्हीजीच्या रचनेत प्रत्येक आकृतीस शीर्षक व वर्णन देण्याची जागा मुळातच ठेवलेली आहे. संपूर्ण चित्रासाठी कर्ता, हक्क व उगम नोंदविण्याचा तक्ता इंकस्केपच्या दस्तऐवज-गुणधर्मांत आहे. देवनागरी अक्षरे त्यांत विनासायास बसतात. विद्यार्थ्याने काही लिहिले नाही, तर प्रणाली स्वतःच आकृतीस नाव देते, ते इंग्रजीतील ‘पाथ’ या शब्दापुढे एखादा आकडा जोडून. नेरूळमध्ये किंवा अन्यत्र, पाठ ऐकून काढलेल्या वारली किनारीची संहिता लेखनपाटीत उघडली की सामान्यतः हेच आढळते : प्रत्येक नर्तकास आकडा आहे, आणि चौकात ज्या देवीची जागा मध्यभागी असते तिच्या नावाचा, गावाचा वा शिकविणाऱ्या हाताचा रकाना कोरा आहे.